यंदा एक सुती साडी बोहारणीला देऊ नका

तुमच्या कपाटात एखादी तरी जुनी सुती साडी असेलच. रंग उतरलेली, खालच्या काठाशी विरलेली, नेसवत नाही आणि टाकवतही नाही अशी. दिवाळीआधीची आवराआवर निघाली की ती बोहारणीच्या गाठोड्यात जाते आणि बदल्यात स्टीलचं एखादं पातेलं घरात येतं. माझं सांगणं एवढंच आहे, की यंदा त्यातली एक साडी मागे ठेवा आणि तिचं दुपटं शिवा. सुई-दोरा घेऊन, स्वतःच्या हाताने. गोधडी शिवायला शिकायचं असेल, तर सुरुवात इथून करा.

हे मुद्दाम सांगते, कारण हल्ली शिकायची इच्छा झाली की आधी खरेदी होते. छापील कापडाचे जुळणारे तुकडे, मध्ये घालायची फायबरची शीट, खास पट्ट्या, खास कात्र्या. एवढं महागाचं सामान समोर आलं की कापडाला कात्री लावायचीच भीती वाटते, आणि पिशवी तशीच माळ्यावर जाते. गोधडी ज्या घरांत जन्मली तिथे विकत घ्यायला काही नव्हतं. घरातलं जुनं कापड, सुई, दोरा आणि सुगी संपल्यावरची मोकळी दुपार, एवढ्यावर आपल्याकडच्या बायकांनी गोधड्या आणि वाकळा शिवल्या. आजही याहून जास्त काही लागत नाही.

जुनं कापड नुसतं स्वस्त पडतं म्हणून घ्यायचं असं नाही, या कामाला तेच चांगलं. शेकडो वेळा धुतलेल्या साडीतली खळ केव्हाच गेलेली असते, जेवढी आटायची तेवढी ती आटलेली असते आणि सूत मऊ पडलेलं असतं. सुई तिच्यातून अडखळल्याशिवाय जाते. नवं कापड घेतलंत तर आधी पाण्यातून काढावं लागतं. नाही काढलं, तर पहिल्या धुण्यात एक थर आटतो, दुसरा आटत नाही आणि सगळ्या शिवणीला झोळ येतो. तान्ह्या बाळाला आपल्याकडे जुन्या लुगड्याच्याच दुपट्यात का गुंडाळत आले, हे एकदा असं कापड गालाला लावलंत की कळेल.

मात्र साडी सुतीच हवी. नायलॉन, जॉर्जेट, पॉलिएस्टर यांतलं काही नको. हे कापड घाम टिपत नाही आणि थरावर थर ठेवला की घसरत राहतं. नवशिक्या हाताला ते आवरत नाही. साडी सुती आहे की नाही अशी शंका आली, तर कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळून पाहा. सूत कागदासारखं जळून राख होतं, कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गाठ होते. मग कापडात अजून जीव आहे का ते बघा. साडी दोन्ही मुठींत धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी ताणा. टर्रकन फाटली तर ती वरच्या थराला चालणार नाही. नुसती विरलेली असेल तर मधल्या थराला उत्तम. फॉल उसवून टाका. जरीचा काठ टोचत असेल तर तोही काढा. गडद रंगाच्या साडीवर ओला पांढरा रुमाल घासा. रंग लागला, तर ती फिक्या कापडाबरोबर घेऊ नका.

आता माप. पहिल्या कामाला पूर्ण गोधडी घेऊ नका, दुपटंच घ्या. सहावारी साडी मधोमध कापली की तीन वारांचा तुकडा मिळतो. त्याची एकदा पुढे, एकदा मागे अशी तिपदरी घडी घातली की एक वार, म्हणजे ३६ इंच लांबी होते. साडीचा पन्हा बहुधा ४५ इंचांच्या आसपास असतो. म्हणजे ३६ बाय ४५ इंचांचं, तीन थरांचं दुपटं अर्ध्या साडीत होतं आणि उरलेल्या अर्धीत दुसरं. घडी घालताना पदराचा किंवा चांगला भाग वर येईल आणि विरलेला भाग आत जाईल असं बघा. न कापता अख्ख्या सहावारीची तिपदरी घडी घातलीत तर सहा फूट लांबीची, एका माणसापुरती गोधडी होते. घरात आजीची नऊवारी असेल, तर तिची चौपदरी घडी पावणेसात फुटांची होते आणि चार थरांमुळे ऊबही जास्त मिळते. पण ते नंतर.

थर अंथरायचं काम घाईने करू नका. माझ्या मते निम्मी गोधडी इथेच होते. फरशी पुसून कोरडी करा, साडीला इस्त्री करा आणि घडी जमिनीवर पसरून चारही कोपऱ्यांवर वजन ठेवा. वरवंटा, जाडजूड पुस्तकं, काहीही चालेल. मधून कडेकडे तळहात फिरवत सुरकुत्या बाहेर काढा. मग वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने मोठमोठे कच्चे टाके घाला, उभे आणि आडवे, वीत-वीत अंतरावर. हे टाके शेवटी उसवायचेच असतात म्हणून बरेच जण ते गाळतात. मग मधला थर आत सरकतो, गोळा होतो, आणि हे कळतं तेव्हा अर्धं काम झालेलं असतं. कच्चे टाके घातल्याशिवाय पुढे जाऊ नका. टाचण्या वापरल्या तर मोजून लावा आणि मोजून काढा. हे कापड लहान मुलाच्या अंगाखाली जाणार आहे.

सुई मध्यम जाडीची घ्या. दाभण पोत्यांसाठी, ते इथे नको; ते कापडाला भोक पाडतं. दोरा सुतीच घ्या, मशिनच्या दोऱ्यापेक्षा थोडा जाड. मऊ पडलेल्या जुन्या सुताला चिवट पॉलिएस्टरचा दोरा कालांतराने कापत जातो. दोरा हातभरच घ्यावा. सारखी सुई ओवावी लागू नये म्हणून लांब दोरा घेतला, की तो पिळतो, त्याला गाठी पडतात आणि वाचवलेला वेळ गाठी सोडवण्यात जातो. एकदा मेणावरून ओढून घेतलात तर तो आणखी सरळ चालतो. सुरुवातीची गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून लपवा. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. पहिले दोन दिवस ते बोटात परकं वाटेल, तरी काढू नका. तीन-चार थरांतून सुई पुढे ढकलताना त्याशिवाय बोट सोलवटतं.

टाका एकच, धावदोरा. सुई वर-खाली, वर-खाली. एका वेळी सुईवर तीन-चार टाके घ्या, मग दोरा ओढा. टाका गव्हाच्या दाण्याएवढा आला तरी पहिल्या दुपट्याला पुरे. त्याहून बारीक घालायच्या नादी आत्ता लागू नका. लांबी सारखी ठेवा आणि प्रत्येक टाका सगळ्यांत खालच्या थरापर्यंत पोचतो आहे ना, ते दर ओळीनंतर उलटून बघा. दोरा करकचून ओढला तर कापड आखडतं, सैल सोडला तर धुताना बोटं अडकतात. ओढून झाल्यावर ओळीवरून अंगठा फिरवला की ताण आपोआप सारखा होतो. दोन ओळींमध्ये एक इंच अंतर ठेवा. पहिली ओळ मधोमध घाला, नंतरच्या तिच्या दोन्ही अंगांना. असं केलं की उरलीसुरली सुरकुती कडेकडे सरकत जाते.

कडेपासून चौकोनी फेऱ्या घालत मध्यापर्यंत येण्याची रीत तुम्ही पाहिली असेल. ती देखणी आहे, आणि आपल्या शेजारीच तिची एक फार सुंदर परंपरा आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ भागात राहणाऱ्या सिद्दी बायका कवंदी शिवतात ती याच रीतीने. पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्या घरांत कोंकणी बोलली जाते. एका कोपऱ्यापासून कापडाचे तुकडे दुमडून लावत, फेरीमागून फेरी शिवत त्या मध्याकडे येतात. शेवटी कोपऱ्यांवर छोट्या घड्यांची त्रिकोणी फुलं लावतात आणि ती लागेपर्यंत कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. आखणी नाही, पट्टी नाही, सगळं नजरेवर. पण या रीतीत कापडाचा सगळा सैलपणा मध्यावर येऊन साठतो आणि तो जिरवायला सरावाचा हात लागतो. म्हणून पहिल्या कामाला सरळ ओळी, फेऱ्या दुसऱ्या कामाला.

तुकडे जोडण्याबद्दलही माझं मत हेच आहे. गोधडी म्हटलं की रंगीबेरंगी चौकोन डोळ्यांसमोर येतात आणि तिथूनच सुरू करावंसं वाटतं. पण ३६ बाय ४४ इंचांचं दुपटं चार इंची चौकोनांनी भरायचं तर ९९ तुकडे लागतात. प्रत्येकाला चारही बाजूंनी पाव इंच शिवण धरून साडेचार इंचांवर कापावा लागतो. कापण्यात जरा फरक पडला की शेवटच्या रांगेत कोपरे जुळत नाहीत. ही वेगळी विद्या आहे, ती वेगळी शिका. रंगांची हौस पहिल्यालाच भागवायची असेल तर पोलक्याच्या, फ्रॉकच्या, सदऱ्याच्या चार-पाच चिंध्या घ्या, कडा आत मुडपा आणि वरच्या थरावर ठिगळासारख्या शिवा. विरलेल्या जागेवर ठिगळ आलं तर कापडही सांभाळलं जातं.

हे सगळं किती दिवस चालेल? एकेक इंचावर ओळी घातल्या तर या दुपट्यात सुमारे ४५ ओळी होतात, प्रत्येक एक वार लांबीची. म्हणजे ४५ वार शिवण. रोज दोन ओळी घातल्यात तर साधारण तेवीस दिवस. उजेडात बसा, पाठीला टेकू घ्या, दोन ओळी झाल्या की उठा. एकाच रविवारी पुरं करायला गेलात तर मान धरते आणि मग सुई हातात घ्यावीशी वाटत नाही. हे काम बायकांचंच आहे असंही धरू नका. मुलगा, नवरा, आजोबा, ज्याला सुई ओवता येते त्याला ओळ घालता येते. गोधडीच्या दोन बाजूंना दोघांनी बसून शिवण्याची पद्धत तर जुनीच आहे.

कडा शेवटी. जिथे कापलेली कड आहे तिथे अर्धा इंच आत मुडपून बारीक टाक्यांनी बंद करा. साडीचा सुती काठ उरला असेल तर त्याचा गोट लावा; कडा आधी झिजतात आणि गोट त्यांना आणखी काही वर्षं देतो. मग कच्चे टाके उसवा. दुपटं बाळासाठी असेल तर त्यावर मणी, टिकल्या, बटणं काही लावू नका. ते बाळाच्या खाली अंथरा, त्यात बाळाला घेऊन बसा, पण झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण म्हणून टाकू नका, कारण ते तोंडावर येऊ शकतं.

पहिल्यांदा वेगळं धुवा आणि दोन्ही बाजूंनी उन्हात वाळवा. पावसाळ्यात धुवायचं टाळा. थरांमध्ये ओल राहते आणि कुबट वास धरतो. पूर्वी घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर नेऊन दगडावर आपटून धूत. त्या धुण्यात टिकेल अशीच गोधडी शिवली जायची. तुमच्या दुपट्याने वर्षभरातली धुणी सोसली आणि टाके सुटले नाहीत, की मोठी गोधडी हातात घ्या.

आणखी एक सांगायचं आहे. तुमच्या घरात, चाळीत, गावाकडे कुणीतरी मावशी, आत्या, आजी अशी असेल जिने गोधड्या शिवल्या आहेत. तिच्याकडे साडी घेऊन जा आणि पहिली ओळ तिला घालायला सांगा. तिचा डावा हात खालून कापड कसं वर उचलून देतो, ते बघा. मला ते इथे शब्दांत सांगता येणार नाही, तिच्याशेजारी बसलात तर पाच मिनिटांत कळेल. बघण्यासारखे हे हात दरवर्षी कमी होताहेत, म्हणून घाई करा.

आणि मोठी गोधडी स्वतः शिवणं जमणार नसेल, तर गल्लीत गोधड्या शिवून देणाऱ्या बायका येतात त्यांना द्या. दोरा कुणाचा, थर किती, ओळी किती जवळ, हे आधी बोलून घ्या. तुम्ही एक दुपटं शिवलेलं असेल, तर एका गोधडीत किती वार शिवण असते याचा हिशेब तुम्हाला आता करता येतो. त्यांनी सांगितलेल्या दरात घासाघीस करू नका.