हंडा मोडीत देण्याआधी

वाशीत आणि नवी मुंबईच्या इतर भागांत जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची कामे निघाली आहेत. घर रिकामे करायचे म्हटले की सामानाची छाटणी होते. टीव्ही, फ्रिज, कपाट आधी टेम्पोत चढते. पितळी हंडा, तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, जाते ही मंडळी दाराबाहेर येऊन बसतात. भंगारवाला काटा लावतो, किलोच्या भावाने पैसे मोजतो आणि पंधरा मिनिटांत आईचा निम्मा संसार हातगाडीवर जातो. गोधडी तर भंगारवालाही घेत नाही. कपाटाला ओरखडे पडू नयेत म्हणून ती कपाटाभोवती गुंडाळली जाते.

आमचा पेशा कारकुनीचा आणि शिक्षण वाणिज्य शाखेचे, त्यामुळे जमाखर्चाकडे आमचे लक्ष आधी जाते. या व्यवहारात जमेच्या बाजूला चार पैसे दिसतात. खर्चाच्या बाजूला काय गेले, ते मात्र कुणी लिहीत नाही. आज त्याच रकान्याविषयी वाचक बंधू-भगिनींशी थोडे बोलायचे आहे.

"ही गरिबीची निशाणी नव्या घरात कशाला?" असे तरुण मुले विचारतात. त्यांना एकदम उद्धट ठरवू नका. आपल्या समाजाचा जुन्या, फाटक्या, फुटक्या वस्तूंशी आलेला संबंध काही आनंदाचा नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यात जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत असे सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला, तरी रीत लगेच गेली नाही. डिसेंबर १९३० मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील रामनाड जिल्ह्यात कल्लर लोकांनी आदिद्रविडांवर आठ बंधने लादली. सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, छत्री आणि वहाणा वापरायच्या नाहीत, आणि घरात मातीच्या भांड्यांशिवाय दुसरी भांडी वापरायची नाहीत! दुसऱ्याने टाकलेले आपण उचलायचे, हे ज्यांच्या पणजोबांवर लादले गेले, त्यांच्या पणतवंडांना नवे कोरे हवेसे वाटले तर त्यात नवल ते काय?

पण बंधूंनो, याच इतिहासातून पितळी हंड्याची गोष्ट निघते.

नोव्हेंबर १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील झनू नावाच्या गावात अस्पृश्य समाजातील, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या काही बायका धातूच्या भांड्यांतून पाणी भरू लागल्या. गावातील हिंदूंना तो आपला अपमान वाटला आणि त्यांनी त्या बायकांना मारहाण केली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी १९३६ साली जे भाषण लिहिले, त्यात ही हकीकत त्यांनी नोंदवली आहे. मंडळाने ते भाषण होऊ दिले नाही. बाबासाहेबांनी ते स्वतः छापले आणि आज ते जगभर वाचले जाते. ज्या भांड्यासाठी आपल्या बायांनी मार खाल्ला, ते भांडे आपल्या घरात पितळेच्या वजनाने मोजले जाते, हे आम्हाला पटत नाही.

तुर्भ्याच्या एका वस्तीत एका आजींकडे असा हंडा आम्ही पाहिला. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेले हे जोडपे दगडाच्या खाणीवर राबले. पहिली चार वर्षे पाणी डालड्याच्या डब्यातून भरले. मग आठवड्याच्या हप्त्यातून थोडे थोडे बाजूला टाकून आजींनी हंडा घेतला. त्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरले आहे आणि ते आजींचे स्वतःचे आहे. आजींना अक्षर येत नाही, पण नाव कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते बोट फिरवून बरोबर दाखवतात. त्या म्हणाल्या, "सातबाऱ्यावर माझं नाव न्हाई, घराच्या कागदावर न्हाई. ह्या हंड्यावर हाय." काट्यावर हे नाव किती ग्रॅम भरेल?

आता गोधडी घ्या. तीन-चार मऊ झालेली लुगडी एकावर एक अंथरायची, मध्ये जुन्या कपड्यांचे तुकडे सारखे पसरायचे, कडेला गोट घालायचा आणि मोठ्या सुईने धावदोरा घालत जायचे. टाके जितके जवळ, तितकी गोधडी टिकाऊ. दुपारी कामे उरकल्यावर दोघी-तिघी समोरासमोर बसतात. हात चालतो आणि तोंडही चालते. घरातल्या प्रत्येकाचे कापड तिच्यात असते. हा आजोबांचा सदरा, ही धाकटीची शाळेची फ्रॉक, हा ताईच्या लग्नातल्या साडीचा पदर. थंडीत पोरे तिच्याखाली शिरतात आणि आपापला तुकडा शोधतात. महागाचे ब्लँकेट ऊब देईल, पण असा खेळ देणार नाही.

"म्हणजे पुन्हा चिंध्याच ना?" असे कुणी म्हणेल. त्यांनी विनयपिटकातील भिक्खू आनंदाची कथा आठवावी. कौशांबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे हा भिक्खू करणार काय, दुकान मांडणार की काय, अशी शंका घेऊन राजा भेटीला आला. आनंदाने शांतपणे सांगितले, की ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली त्यांना ती देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांच्या गादीच्या खोळी, जुन्या खोळींची अंथरायची बस्करे, बस्करांची पायपुसणी आणि पायपुसण्यांची फडकी करू. फडकीही झिजली की ती कुटून चिखलात मळू आणि त्याने जमीन सारवू. राजा इतका प्रसन्न झाला, की त्याने स्वतः आणखी पाचशे वस्त्रे दिली.

खुद्द भिक्खूंचे चीवरही तुकडे जोडूनच शिवलेले असते. मगधातल्या बांध घातलेल्या शेतांसारखी त्याची आखणी करावी असे भगवंतांनी सुचवले आणि आनंदाने तसे चीवर तयार केले. मनूचे फाटके वस्त्र आणि भिक्खूचे तुकड्यांचे चीवर, कापड कदाचित एकच असेल. पण एक लादलेले आहे आणि दुसरे आपखुशीने स्वीकारलेले. आपल्या घरातल्या जुन्या वस्तूंकडे पाहताना हाच प्रश्न विचारावा. ही आपल्यावर कुणी लादली होती, की आपल्या माणसांनी कमावली, निवडली, हाताने घडवली? लादलेली असेल तर खुशाल टाका. कमावलेली असेल तर ती टाकण्याआधी दहादा विचार करा.

जात्याबाबत मात्र उगाच गोडवे गाऊ नयेत. पहाटे उठून पायलीभर दळायचे आणि मग मजुरीला जायचे, यात बायकांची कंबर मोडली. पिठाची गिरणी आली हे चांगलेच झाले. आपल्या सुनेने जात्यावर बसावे अशी इच्छा कुणी धरू नये. पण त्याच जात्यावर आपल्या आया-आज्यांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी खेडोपाडी फिरून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या कितीतरी आहेत. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी १९९६ साली गायिलेल्या ओव्या आज 'पारी' या संस्थेने मोबाईलवर ऐकण्यासाठी खुल्या केल्या आहेत. घरात जाते असेल तर आजीला त्याच्याजवळ बसवा, मूठभर दाणे टाकायला सांगा आणि नातवाला मोबाईलवर तिचा आवाज भरून घ्यायला सांगा. एकदा खुंटा हातात आला की विसरलेल्या ओळी आपोआप ओठांवर येतात.

आता करणाऱ्यांविषयी. सूप, रोवळी, टोपली, केरसुणी, माठ, चप्पल या वस्तू ज्या हातांनी घडवल्या, त्या हातांना जातीने बांधून ठेवले होते. जातीने कामाबरोबर माणसांचीही वाटणी करून त्यांना एकमेकांखाली बसवले, हे बाबासाहेबांनी त्याच १९३६ च्या भाषणात मांडले. म्हणून आमचे म्हणणे असे, की बुरुडाच्या मुलाने शिकून साहेब व्हावे आणि साहेबाच्या मुलीला आवड असेल तर तिने बांबूचे विणकाम शिकावे. बेलापूरला सिडकोच्या अर्बन हाटमध्ये कारागिरांचे मेळे भरतात. मुलांना घेऊन जरूर जा. बांबूच्या कामट्या कशा निघतात, मातीला चाकावर आकार कसा येतो, हे त्यांना डोळ्यांनी पाहू द्या. आणि वस्तू घेतलीत तर दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका. मॉलमध्ये प्लॅस्टिकच्या टोपलीवर छापलेली किंमत आपण निमूटपणे देतो. कारागिराला तेवढा तरी मान द्यावा.

भांडी जपायची तर ती वापरलीच पाहिजेत. पितळेचे काळवंडलेले भांडे चिंचेच्या कोळाने किंवा लिंबू-मिठाने घासावे आणि लगेच कोरडे पुसावे. पितळी पातेल्यात स्वयंपाक करायचा असेल तर आतून कल्हई हवीच. कल्हईवाला भांडे तापवून नवसागर टाकतो, कथील फिरवतो आणि कापसाच्या बोळ्याने पुसून घेतो, की आतून चांदीसारखा रंग चढतो. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, आमटी, लोणचे असे आंबट काही ठेवू नये, ते पोटाला बाधते. तांब्याच्या कळशीत पाणी ठेवावे, लिंबाचे सरबत ठेवू नये. गोधडीला पंधरा दिवसांतून एकदा कडक ऊन दाखवावे आणि पावसाळ्याआधी ती पूर्ण वाळवूनच घडी घालावी.

पुण्यात दिनकर केळकर यांनी सुमारे १९२० पासून दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, भांडी अशा घरगुती वस्तू जमवल्या. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि पुढे ते सरकारला दिले. आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे आणि टाइपरायटर जपलेले आहेत. कुणीतरी वेळीच हात आडवा धरला, म्हणून ते भंगारात गेले नाहीत. तुर्भ्याच्या आजींचा हंडा मात्र कोणत्याही संग्रहालयात जाणार नाही. तो त्यांच्या नातवंडांनाच जपावा लागेल.

त्यासाठी एक साधी सूचना. ७ फेब्रुवारीला माता रमाईंची जयंती असते. त्या दिवशी आपल्या विहारात महिला मंडळाने दोन टेबले मांडावीत. प्रत्येक घराने एकच जुनी वस्तू आणावी आणि सोबत वहीच्या पानावर चार ओळी लिहाव्यात. वस्तू कुणाची, कोणत्या साली घेतली किंवा शिवली, कोणत्या कमाईतून, आणि आज तिचा काय उपयोग होतो. लिहिण्याचे काम शाळेतल्या मुलांकडे द्यावे. आजीने सांगावे आणि नातवाने लिहावे. संध्याकाळी वस्तू ज्याच्या त्याच्या घरी परत जाव्यात आणि ती पाने शिवून विहारात ठेवावीत.

तोवर एवढेच करा. भंगारवाल्याची हाक आली की काही बाहेर काढण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा, "आई, हे कुठून आणलं होतं?" ती "द्या टाकून" म्हणाली तर द्या. ती खाली बसून सांगू लागली, तर भंगारवाल्याला म्हणा, पुढच्या रविवारी या.

जयभीम.