निवडलेली मेथी

"अम्मी, तू फक्त आराम कर." गेल्या वर्षी अम्मीला मिरजेहून पुण्याला आणलं, तेव्हा हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा तरी म्हणायचो. तिचं वय ६९, हृदय अशक्त. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं होतं, थकवा पूर्ण जाणार नाही, औषधं चुकवू नका, जड काम नको. त्यातला 'जड' हा शब्द मी सोयीने गाळला. स्वयंपाकघर बंद, झाडू बंद, धुतलेल्या कपड्यांच्या घड्यासुद्धा बंद. भाजी मोबाइलवरून मागवायचो, तीही निवडलेली, चिरलेली. मला वाटायचं, मी आईची खिदमत करतोय.

तीन महिन्यांत अम्मी दिवसाही पडून राहू लागली. खालाशी फोनवर तासभर बोलणारी बाई दोन मिनिटांत फोन ठेवू लागली. एका संध्याकाळी मेथीचं पाकीट हातात घेऊन म्हणाली, "इत्ता तो मैं बैठे-बैठे कर लेती थी रे. मैं क्या घर में मेहमान हूँ?"

त्या प्रश्नाने मला जागं केलं. आपल्या घरांमध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा म्हणजे वेळेवर औषध, गरम जेवण आणि 'पडून राहा'. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदाही निर्वाह म्हणून अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांचा उल्लेख करतो. हे तर मिळालंच पाहिजे. पण सकाळी उठल्यावर आज आपल्यासाठी काहीतरी करायचं शिल्लक आहे, ही भावना कुठलाही कायदा देऊ शकत नाही. ती घरच्यांनीच द्यायची असते.

आपल्या दीनमध्ये याचं उत्तर आहे, आपण तिकडे लक्ष देत नाही. ज्याला उभं राहता येत नाही त्याने बसून नमाज पढावी, बसता येत नसेल तर आडवं होऊन इशाऱ्याने. अशक्त माणसाला कुणी 'आता तुझी गरज नाही' असं सांगितलं नाही. त्याच्यासाठी नमाज हलकी केली, रद्द केली नाही. मग नमाजला जो नियम, तो बाकीच्या दिवसाला का नको? काम हलकं करा, काढून घेऊ नका.

पूर्ण आरामाने शरीराचंही नुकसान होतं. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांचं जवळपास १ किलो मांस कमी झालं. मनाबद्दलही तसंच. १९७६ मध्ये एलन लँगर आणि जुडिथ रॉडिन यांनी एका वृद्धाश्रमात काहींना आपल्या आवडीचं रोप निवडून स्वतः सांभाळायला दिलं, छोटे निर्णयही त्यांच्यावर सोडले. दुसऱ्या गटालाही रोपं दिली, पण पाणी नर्स घालणार. पहिल्या गटातली माणसं जास्त उत्साही आणि आनंदी दिसली. रोप दोघांकडेही होतं. फरक जबाबदारीचा होता.

हे सगळं वाचून मी काय केलं? इंजिनिअर माणूस, अम्मीचं एक्सेलमध्ये वेळापत्रक बनवलं. ९ वाजता व्यायाम, ११ वाजता शब्दकोडं. अम्मीने ते पाहून विचारलं, "मेरे कू नौकरी पे रखा क्या?" वेळापत्रक दोन दिवसांत संपलं. मग मी तिलाच विचारलं, तुला काय करावंसं वाटतं?

आता आम्ही न निवडलेली मेथी आणतो. फजरनंतर, नाश्ता झाला की तिच्यात थोडी ताकद असते. तेव्हा ती खुर्चीत बसते, भाजी टेबलावर, म्हणजे वाकावं लागत नाही. मेथी, लसूण किंवा मटारच्या शेंगा. पंधरा-वीस मिनिटं, मग विश्रांती. उरलेलं दुपारी, नाहीतर राहू दे. खिडकीत पुदिन्याची कुंडी आहे, तिला पाणी फक्त तीच घालते. चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली करते, खुर्चीतून सावकाश उठते-बसते, चार-पाच वेळा. अंगात त्राण नसेल त्या दिवशी काहीच करत नाही. तस्बीह हातात असते, किंवा माझी मुलगी जुने फोटो घेऊन शेजारी बसते आणि अम्मी एकेका चेहऱ्याचं नाव सांगते. तिची खिमा-मेथी, तिच्या आईच्या गोधडीची गोष्ट, हे मी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवतोय. त्याला ताकद लागत नाही, ऐकणारा लागतो.

एक काळजी मात्र घ्या. काम करताना बोलायलाही दम लागत असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर लगेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. थकवा अचानक वाढला तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. रक्त कमी असणं किंवा थायरॉइड, अशी उपचार होऊ शकणारी कारणंही असतात.

कुणी म्हणेल, जन्मभर राबलेल्या बाईला म्हातारपणीही भाजी निवडायला बसवायचं? आक्षेप खरा आहे. कामाची सक्ती आणि कामाचा हक्क यांत फरक आहे, आणि तो फरक 'नको' म्हणता येण्यात आहे. अम्मी आज नको म्हणाली, तर मेथी मी निवडतो.

पण आपल्या समाजात हा प्रश्न बायकांसाठी जास्त अवघड का आहे, तेही बघू. अब्बा थकले तरी त्यांना मशीद होती, खुर्चीवर बसून जमातीची नमाज होती, नंतर बाहेर चहा आणि चार दोस्त होते. अम्मीला घराबाहेर अशी जागाच आम्ही कधी ठेवली नाही. तिचं सगळं जग स्वयंपाकघरात होतं. तेही प्रेमाने काढून घेतलं, तर तिच्याकडे उरलं काय?

आणि मुलग्यांनो, हे आपल्यासाठी. आईच्या पायाखाली जन्नत आहे म्हणायचं आणि पाय चेपायला बायकोला पाठवायचं, ही खिदमत नाही. अम्मीसोबत मेथी निवडायला बसण्याचं काम माझं आहे, माझ्या बायकोचं नाही. तिला जे दोन मिनिटांत जमेल त्याला अम्मीसोबत अर्धा तास लागतो. तो अर्धा तास माझ्या वेळेतून गेला पाहिजे.

आपल्या मोहल्ल्यांतले तरुण रमजानमध्ये घरोघरी रेशन पोचवतात, रक्तदान शिबिरं भरवतात. त्याच तरुणांनी आठवड्यातून अर्धा तास गल्लीतल्या एखाद्या एकट्या दादी-नानीकडे, ओळखीच्या माणसाला किंवा बहिणीला सोबत घेऊन, बसून यावं. पत्ते, लुडो, एखादं जुनं उर्दू पत्र वाचून घेणं, काहीही चालेल. पैसे लागत नाहीत. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, तोही नंबर त्यांच्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

अम्मी बरी झाली असं मी म्हणणार नाही. तिचं हृदय तेवढंच अशक्त आहे, जिना अजूनही चढवत नाही. पण परवा खालाचा फोन आला तेव्हा अम्मी म्हणाली, "बाद में करती, अभी काम में हूँ." हे ऐकून मला किती बरं वाटलं, काय सांगू. आज घरी गेलात की 'आराम करा' म्हणण्याआधी एकदा विचारून बघा, "हे जरा करून देतेस का?"