अर्ध्यावरून परतलेल्यांसाठी

स्मरणिका म्हटली की तीत यशवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे असणार, हे ओघानेच आले. या अंकातही ती आहेत आणि त्यांचा आम्हांला सार्थ अभिमान आहे. मात्र माजी विद्यार्थ्यांची यादी सिद्ध करताना काही नावांपुढील रकाना आम्हांला कोरा ठेवावा लागला. दहावीला उत्तम गुण, बारावीनंतर चांगल्या महाविद्यालयात प्रवेश आणि पुढे काहीच नोंद नाही. चौकशी केली तेव्हा समजले की या मुलामुलींनी पदवीचे शिक्षण अर्ध्यावर सोडले आहे. मेळाव्याचे निमंत्रण दिले की ‘पुढच्या वर्षी नक्की येतो’ असे त्यांचे उत्तर येते. ते पुढचे वर्ष कधी उजाडत नाही.

आज आम्ही त्या कोऱ्या रकान्याविषयी लिहीत आहोत.

आमच्या वसतिगृहात सहा वर्षे राहिलेल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. गवंडीकाम करणारे त्याचे वडील परांचीवरून पडले. त्याच सुमारास शिष्यवृत्तीचा हप्ता त्याच्या बँक खात्यात जमा झाला होता. त्यातील शिक्षणशुल्काची रक्कम महाविद्यालयात भरायची असते, हे त्याला ठाऊक होते. पण ती रुग्णालयात खर्च झाली. कार्यालयातून शुल्काची विचारणा सुरू झाली आणि उत्तर द्यायचे कसे, या संकोचाने त्याने वर्गात जाणेच बंद केले. अर्ज दिला नाही, प्राध्यापकांना सांगितले नाही, आम्हांलाही कळवले नाही. परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला. दिवाळीनंतर तो एका गोदामात कामाला लागला.

त्याने शिक्षण सोडले, याचा दोष आम्ही त्याला देत नाही. जखमी बापाच्या उशाशी बसलेल्या मुलाला जिद्दीचे धडे देणे आम्हांला शोभणारे नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. शिक्षण सोडावे की नाही, हा प्रश्न आपल्या घरांत लाजेचा समजला जातो. म्हणून तो मोकळेपणाने चर्चिला जात नाही आणि जो निर्णय कागद-पेन्सिल घेऊन करावयाचा, तो रात्री अंथरुणात एकट्याने केला जातो. त्याची किंमत मात्र सारे घर पुढे कित्येक वर्षे मोजत राहते.

ती किंमत कोणती, हे उदाहरणादाखल मांडून पाहू. एखाद्या विद्यार्थ्याने दोन वर्षांत १,६०,००० रुपयांचे शैक्षणिक कर्ज उचलले आहे आणि व्याजदर १० टक्के आहे, असे समजू. सात वर्षांची मुदत धरली तर केवळ मुद्दलापोटीच महिन्याचा हप्ता सुमारे २,६५० रुपये होतो. शिकतानाच्या काळात साचलेले व्याज त्यात अद्याप धरलेले नाही. गोदामातील पगार १४,००० आणि खोली व खानावळ मिळून ७,५०० रुपये धरले, तर घरी पाठवायला ३,८५० रुपये उरतात. शिकत राहण्यासाठी त्याला वर्षाला ४०,००० रुपये कमी पडत असतील, तर ती तूट महिन्याला ३,३०० रुपयांच्या आसपास येते. म्हणजे जी तूट भरून काढता येत नाही म्हणून पदवी सोडली, जवळजवळ तेवढेच पैसे पदवी सोडून हाती आले. एवढे गणित वेळीच कोणी त्याच्यासमोर मांडले असते, तर ‘सोडू का?’ याऐवजी ‘महिन्याचे ३,३०० रुपये कोठून उभे करू?’ असा प्रश्न त्याने विचारला असता. या दुसऱ्या प्रश्नाला उत्तरे असतात.

हिशेबाला आणखीही कलमे आहेत. केंद्र शासनाच्या शैक्षणिक कर्ज व्याज-अनुदान योजनेचा लाभ मध्येच अभ्यासक्रम सोडणाऱ्यास मिळत नाही. वैद्यकीय कारणाचा अपवाद तेवढा आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत, वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडल्यास दिलेली रक्कम राज्य शासन आपल्या अधिकारात परत मागू शकते, अशी तरतूद आहे. वसतिगृहातील जागा जाते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’ योजना आहे. तीत मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. तेही शिकणाऱ्यासाठीच असते. कर्जाचे हप्ते थकले तर सिबिलमध्ये नोंद होते आणि जामीन राहिलेल्या वडिलांना किंवा मामांना बँकेची पत्रे येऊ लागतात.

असे असले तरी ‘काहीही झाले तरी सोडू नका’ असे सरसकट सांगणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. काही वेळा सोडणेच शहाणपणाचे असते. ज्या शाखेत मन नाही, जेथे विषय राहत राहत वर्ष ‘डाऊन’ झाले आहे आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क मात्र दरवर्षी भरावे लागते आहे, तेथे ‘आजवर दोन लाख घातले, आता कसे सोडायचे?’ हा विचार घातक ठरतो. गेलेला पैसा राहिलो तरी गेला आणि निघालो तरी गेला. पाहावयाचे ते पुढचे: येथून पदवीपर्यंत आणखी किती खर्च येईल, ती मिळण्याचा संभव किती आणि तेवढ्याच वर्षांत दुसरे काय साधता येईल. यात आमचाही दोष आहे, हे मान्य केले पाहिजे. मुलाचा कल न पाहता ‘इंजिनिअरच हो’ असा आग्रह आम्ही शिक्षकांनी धरला आणि पालकांनी तो विश्वासाने मानला, अशी उदाहरणे थोडी नाहीत.

म्हणून आमचा आग्रह वेगळ्या गोष्टीचा आहे. निघावयाचेच असेल तर दार उघडे ठेवून निघावे.

याचा फार मोठा दाखला आपल्या समोर आहे. लंडनमधील अभ्यास ऐन भरात असताना १९१७ साली बाबासाहेबांना भारतात परतावे लागले, कारण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. बडोद्याच्या नोकरीत त्यांच्या वाट्याला आलेला अपमान सर्वज्ञात आहे. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकी केली, वेतनातून काटकसरीने शिल्लक टाकली, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडील कर्ज यांची जोड घेतली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. त्यांनी मिळवली. आपण जयंतीला या पदव्यांची यादी वाचतो, पण मधली तीन वर्षे वाचत नाही. त्या तीन वर्षांत तेही ‘शिक्षण अर्धवट राहिलेले’ गृहस्थ होते. फरक इतकाच, की परवानगीचा कागद त्यांच्यापाशी होता आणि परतण्याचा खर्च त्यांनी मोजून ठेवला होता. पुढे १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरवले गेले. या दोन गोष्टींचा संबंध आम्हांला अगदी जवळचा वाटतो.

आज असे दार उघडे ठेवणे तुलनेने सोपे झाले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमातून पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. मिळवलेले श्रेयांक ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षे उपयोगी पडतात. अभ्यासक्रमानुसार नियमांत फरक असतो. म्हणून आपल्या महाविद्यालयात लेखी विचारणा करावी. पण परीक्षाच न देता सत्राच्या मध्येच निघून गेल्यास त्या सत्राचे श्रेयांक मिळत नाहीत. चार महिन्यांची हजेरी वाया जाते, ती केवळ उरलेल्या चार आठवड्यांसाठी. त्यामुळे शक्य तेथे वर्ष, निदान सत्र, पुरे करून निघावे.

पहिल्याच वर्षी प्रवेश रद्द करावयाचा असेल, तर दिवस मोजावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के आणि ३० दिवसांपर्यंत ५० टक्के शुल्क परत मिळते. त्यानंतर काही नाही. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही, हेही त्याच अधिसूचनेत आहे. निघताना अर्जाची पोच, गुणपत्रिका, दाखला आणि अनामत रक्कम घेतल्याशिवाय पाऊल बाहेर टाकू नये. बँकेत स्वतः जाऊन परतफेडीचे नवे वेळापत्रक मागावे. बँकेला टाळल्याने कर्ज टळत नाही. नोकरी करून पदवी पुरी करावयाची असेल, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच.

पालकांना आमची विनंती आहे की मुलाने ‘मला जमत नाही’ म्हटले, तर पहिले वाक्य ‘लोक काय म्हणतील’ हे नसावे. घराची अडचण मुलापासून लपवू नये आणि तिचे सारे ओझे त्याच्या एकट्याच्या डोक्यावरही देऊ नये.

माजी विद्यार्थ्यांना आणि समाजबांधवांना मागणे थोडे अधिक आहे. आपण गुणवंतांचे सत्कार करतो, शाली-पुष्पगुच्छांवर खर्च करतो. त्यातील काही भाग बाजूला ठेवून एक अडचण-निधी उभारावा, असे आम्ही सुचवतो. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला, घरात आजारपण आले, अशा वेळी तीन-चार महिन्यांपुरती बिनव्याजी उसनवारी त्यातून मिळावी. आमच्या त्या विद्यार्थ्याला त्या दिवाळीत एवढ्याचीच गरज होती. त्याच्याबरोबर आणखी एका गोष्टीची होती: ज्याला निःसंकोच फोन करावा, असा एक माणूस.

तो माणूस होण्यात आम्ही त्या वेळी कमी पडलो. अलीकडे त्याची भेट झाली. वडील आता हिंडूफिरू लागले आहेत आणि पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिका त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या आहेत. त्या घेऊन महाविद्यालयाच्या कार्यालयात आम्ही त्याच्यासोबत जाणार आहोत. पुन्हा प्रवेश मिळेल की नाही, हे तेथेच कळेल. तूर्त यंदाच्या मेळाव्याला तो यावा, अशी आमची इच्छा आहे आणि आल्यावर त्याला ‘सध्या काय करतोस?’ असे कोणी विचारले, तर त्याने मान खाली न घालता उत्तर द्यावे, असे वातावरण ठेवणे आपल्या सर्वांच्या हाती आहे.