शिळ्या अन्नाविषयी आपले मौन

पथ्यपत्रकावर ‘शिळे अन्न वर्ज्य’ असे लिहिले की आपले कर्तव्य संपले, अशी आमचीही अनेक वर्षे समजूत होती. ती एका वृद्ध रुग्णेमुळे ढळली. अम्लपित्तासाठी आमच्याकडे नियमित येणाऱ्या या आजी एके दिवशी उलट्यांनी गळून गेलेल्या अवस्थेत आल्या. सकाळी फोडणीचा भात खाल्ला आणि दोन-तीन तासांतच त्रास सुरू झाला होता. भात आदल्या रात्रीचा, झाकण घालून ओट्यावरच ठेवलेला. घरात फ्रिज होता. परंतु फ्रिजमधले ते ‘शिळे’ आणि ओट्यावरचे ते ‘रात्रीचे’, असा त्यांचा हिशेब! “तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही, वैद्यबुवा. पण अन्न टाकू कशी हो?” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पर्युषित अन्नाचा निषेध शास्त्रात स्पष्ट आहे. वाग्भटाचार्यांनी तर अष्टांगहृदयाच्या मात्राशितीय अध्यायात पुन्हा उष्ण केलेले अन्नही त्याज्य मानले आहे. हा दंडक आम्हांस मान्य आहे. पण अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या घरात उरलेले अन्न टाकले जात नाही, ते वैद्यापासून लपविले जाते. आणि लपविलेल्या गोष्टीविषयी मार्गदर्शन करता येत नाही. निषेध सांगून गप्प बसणारा वैद्य रुग्णाला अधिक धोक्यात लोटतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वस्तुतः या विषयाची दृष्टी आपल्यापाशी आहेच. चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांत हीन होते, हे शार्ङ्गधरांनी सांगितले. आसव मात्र जुने झाल्याने गुणवत्तर होते, हेही त्यांनीच सांगितले. म्हणजे काळ सर्व द्रव्यांवर सारखे कार्य करीत नाही. चरकाचार्यांनी संस्काराचा विचार करताना काळाबरोबर भाजनही, म्हणजे पात्रही, गणले आहे. औषधाच्या बाबतीत आपण जो विचार करतो, तो भाताच्या पातेल्याबाबत का करू नये?

भाताचेच पाहू. तांदळात असणाऱ्या ‘बॅसिलस सिरियस’ या जिवाणूची बीजे शिजविल्यानेही पूर्णतः नष्ट होत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ती अंकुरतात आणि जे वमनकारक विष निर्माण होते, ते पुन्हा तापविल्याने नाहीसे होत नाही. आजींच्या उलट्यांचे कारण हेच होते, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. लक्षणे व काळ मात्र जुळत होते. ‘चांगले गरम करून खा’ हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. तापविण्यापेक्षा आधीची साठवण अधिक महत्त्वाची.

आता आम्ही रुग्णांना असे सांगतो. मुळात स्वयंपाक राशी पाहून करावा. तरीही उरलेच, तर भात परातीत पसरून वाफ घालवावी, आमटी लहान उथळ डब्यांत काढावी आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावी. आतील तापमान ५ अंश सेल्सियसच्या खाली असावे. खच्चून भरलेल्या फ्रिजमध्ये ते राहत नाही. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढेच बाहेर काढून एकदाच तापवावे. आमटीला खळखळून उकळी यावी, भाताला पाण्याचा हबका मारून मध्यापर्यंत वाफ आणावी. कडेला चटका आणि मध्ये गार, असे नको. त्यातूनही उरले तर मात्र मोह सोडावा. आंबट आमटी कल्हई उडालेल्या पितळेत ठेवू नये, ती कळकते. दही आणि मध घातलेले पदार्थ तापवू नयेत, हे वैद्यांना सांगणे नलगे. पोळी-भाकरी कोरडी असल्याने तुलनेने टिकते. तिचा कुस्करा हा आपल्या आयांचा उत्तम शोध होय. अर्भके, गर्भिणी, ज्वरातून उठलेले व मंदाग्नीचे रुग्ण यांना मात्र ही सवलत नाही, त्यांना ताजेच हवे.

औषधालयांच्या चालकांनाही आमची एक तक्रार सांगायची आहे. क्वाथचूर्णाचे पुडके देताना काढा कसा करावा हे सांगितले जाते. उरलेल्याचे काय करावे, हे क्वचितच. आमचा एक रुग्ण रविवारी आठवड्याचा काढा करून बाटलीत भरीत असे आणि रोज थोडा तापवून घेत असे. गुण येईना म्हणून तो आमच्यावर रुष्ट झाला होता! काढा रोज ताजा करून त्याच दिवशी संपवावा, एवढे एक वाक्य पुडक्यावर छापण्यास फारसा खर्च येणार नाही. आमच्या पथ्यपत्रकावरील ते तीन शब्द आम्ही खोडले आहेत. त्या जागी आता ‘उरलेले अन्न कसे ठेवता?’ हा प्रश्न आहे.