पुढाकार कुणाचा?

सांगवीतल्या कुठल्याही गृहसंस्थेच्या वार्षिक सभेत एक वाक्य हमखास कानी पडते : ‘या कामी कुणीतरी पुढाकार घ्यायला हवा.’ सारे माना डोलावतात, चहा होतो, सभा संपते आणि काम होते तिथेच राहते. दुसरीकडे चौकाचौकांतल्या फलकांवर ‘यांच्या पुढाकाराने’ ही अक्षरे दिमाखात झळकत असतात. एकीकडे पुढाकाराला धनी मिळत नाही, तर दुसरीकडे काम दिसण्याआधीच धन्याचे छायाचित्र दिसते! म्हणूनच हा शब्द एकदा नीट तपासून घेतला पाहिजे.

युद्धशास्त्रात त्याचा अर्थ नेमका आहे. पुढची चाल जो ठरवतो, त्याच्या हाती पुढाकार. त्याचा धडा आपल्याच परिसरात घडला आहे. १६६० मध्ये शाइस्ताखानाच्या प्रचंड फौजेने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर शिबंदीनिशी जवळजवळ दोन महिने किल्ला लढवला. पराक्रमात तो लढा कुठेही उणा नव्हता. परंतु हल्ला केव्हा करायचा आणि सुरुंग कुठे लावायचा, हे खान ठरवत होता. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराज लाल महालात शिरले, तेव्हा वेळ, वाट आणि ठिकाण महाराजांनी निवडले होते. संख्याबळ तेव्हाही खानाकडेच होते; पुढाकार मात्र महाराजांकडे आला होता. बोटे गमावलेल्या खानाला अखेर पुणे सोडावे लागले.

हा भेद आपल्या नागरी जीवनालाही लागू पडतो. जुनी सांगवी मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या मध्ये वसली आहे. २०१९ आणि २०२४ च्या पावसाळ्यात तिच्या सखल भागात पाणी शिरले. अशा वेळी वृद्धांना उचलून बाहेर काढणारे, रात्री अन्नाची पाकिटे पोहोचवणारे हात पुढे येतात, ही समाजाच्या जिवंतपणाची खूण आहे. त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण पाण्याने यावे आणि आपण धावावे, हा एक प्रकारे वेढाच आहे. नदीपात्रातला भराव, बुजलेले नाले, पूररेषेतली बांधकामे, धरणातून पाणी सोडण्याची वेळेवर सूचना हे प्रश्न जानेवारीत विचारले जातील, तेव्हा चाल आपली असेल.

स्वित्झर्लंडमध्ये याच इंग्रजी शब्दाला घटनेत स्थान आहे. तेथे अठरा महिन्यांत एक लाख नागरिकांच्या सह्या जमल्या, तर घटनादुरुस्तीचा प्रस्ताव जनमतासाठी ठेवावा लागतो. आपल्या घटनेत तशी तरतूद नाही. परंतु ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या. माहितीचा अधिकार २००५ पासून देशभर आहे. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवण्यास आरंभ केला. दारे अगदीच बंद नाहीत. प्रश्न ती ठोठावणाऱ्यांचा आहे.

मराठीत याच अर्थाचा आणखी एक शब्द आहे : उपक्रम. त्याचा मूळ अर्थ आरंभ. मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्याच्या ज्या कसोट्या सांगितल्या, त्यांत उपक्रम आणि उपसंहार यांची जोडी पहिली आहे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त याच कसोट्या गीतेला लावून कर्मयोगाचे प्रतिपादन केले. आरंभ आणि शेवट यांचा मेळ बसला, तरच तात्पर्य हाती लागते. आपल्या वृक्षारोपणांना आणि स्वच्छता मोहिमांना ही कसोटी लावून पाहावी. रोप लावण्याच्या दिवशी छायाचित्राला पन्नास माणसे असतात. उन्हाळ्यात पाणी घालायला किती?

उलट उदाहरण जवळच आहे. गिरीश प्रभुणे यांनी भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी आधी यमगरवाडीत आणि मग चिंचवडच्या पुनरुत्थान समरसता गुरुकुलम्‌मध्ये काम उभे केले. २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अनेकांना हे नाव कळले. काम त्याआधी कितीतरी वर्षे चालू होते. ज्या मुलांच्या नशिबी पालावरचे जिणे आणि गुन्हेगारीचा शिक्का होता, त्यांच्यासाठी ‘शासनाने काहीतरी करावे’ असे म्हणून थांबणे सोपे होते. ते थांबले नाहीत.

पुढाकार हा शब्द तृतीयपुरुषात निर्जीव होतो. ‘कुणीतरी घ्यावा’ म्हटले की तो सूचना ठरतो, ‘त्यांनी घेतला’ म्हटले की जाहिरात. ‘मी घेतो’ म्हटले, तरच त्याला अर्थ येतो. पुढच्या सभेत ते वाक्य पुन्हा उच्चारले जाईल, तेव्हा ‘कुणीतरी’च्या जागी आपले नाव घालून पाहावे आणि कामाची तारीखही तिथेच ठरवावी.