घड्याळाची पाठ

या सदरात आम्ही बहुधा शेतीवाडी, लग्नकार्य, मुलांचे शिक्षण, घरातील वडीलधाऱ्यांची काळजी अशा विषयांवर चार शब्द लिहितो. आज मात्र एका जुन्या मनगटी घड्याळाविषयी लिहिणार आहोत. वाचकांस हा विषय परका वाटेल. परंतु आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, ट्रंकेच्या तळाशी, आजोबांच्या रोझरीशेजारी असे एखादे बंद पडलेले घड्याळ असतेच. ते काढून विकण्यापूर्वी हा मजकूर एकदा वाचावा, एवढीच विनंती.

4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले. देवास जिल्ह्यातील उदयनगरच्या परिसरात गोरगरिबांची बाजू घेतली म्हणून 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्यांची हत्या झाली होती. त्या सोहळ्यास आम्ही गेलो होतो व आपल्याच भागातून दोन पिढ्यांपूर्वी तेथे गेलेल्या एका कुटुंबाकडे उतरलो होतो. आजोबा इंदूरच्या कापडगिरणीत फिटर होते. ते देवाघरी गेले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली.

रात्री जेवणे झाल्यावर घरचा नातू रुमालात गुंडाळलेले एक घड्याळ घेऊन आमच्यापुढे बसला. म्हणाला, "काका, हे आजोबांचे सोन्याचे घड्याळ. ताईच्या नर्सिंगच्या फीसाठी विकावे म्हणतो. एक व्यापारी घ्यायला तयार आहे. तो म्हणतो, पाठ घासून चकचकीत करू, तबकडी नवी रंगवू, म्हणजे किंमत दुप्पट येईल. तुमचे काय मत?"

आम्ही काही घड्याळजी नव्हेत. परंतु जुन्या घड्याळांची ओळख कशी पटवावी याविषयी बरेच वाचले होते. म्हणून आम्ही त्यास म्हटले, "बाळा, आधी ते उपडे कर."

त्या घड्याळाला किल्लीच्या वर एक व खाली एक अशा दोन कळा होत्या आणि तबकडीवर दोन लहान तबकड्या होत्या. अशा घड्याळास क्रोनोग्राफ म्हणतात. नेहमीची वेळ दाखवीत असतानाच शर्यतीचा किंवा एखाद्या कामाचा अवधी वेगळा मोजण्याची सोय त्यात असते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'काळ लिहिणारा' असा आहे, आणि आरंभी हे यंत्र खरोखरच लिहीत असे. 1821 साली पॅरिसमधील घोड्यांच्या शर्यतीत रिउसेक नावाच्या घड्याळजीने असे यंत्र वापरले की, प्रत्येक घोडा पोहोचताच तबकडीवर शाईचा ठिपका पडे. क्रोनोमीटर ही गोष्ट निराळी; वेळेच्या अचूकपणाची परीक्षा उतरलेले घड्याळ ते क्रोनोमीटर. या दोन नावांचा घोळ विकणारे पुष्कळदा करतात, तेव्हा ग्राहकाने तो करू नये.

आता पाठीकडे वळू. घड्याळाचा चेहरा फसवू शकतो. तबकडी पुन्हा रंगविता येते, तिच्यावर हवे ते नाव छापता येते. आपल्या देशात जुन्या यंत्रावर नवी भडक तबकडी चढवून विकलेल्या घड्याळांची इतकी रेलचेल झाली आहे की, जगभरचे संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' असे उपहासाने म्हणतात. पाठीवरचे खोदकाम बदलणे त्या मानाने कठीण असते. म्हणून जाणकार आधी पाठ पाहतो.

पहिली गोष्ट, झाकण बसते कसे? काही झाकणे दाबून बसविलेली असतात. त्यांच्या कडेला नख किंवा सुरीचे पाते शिरेल एवढी खाच असते. काही फिरवून आवळलेली असतात. त्यांना हत्यार लावण्यासाठी खाचा किंवा सपाट बाजू असतात. या बाजू मोजाव्यात. जिनीव्हा येथील टोबेर या कारखान्याने पाणी शिरू नये म्हणून जी झाकणे केली, ती दहा बाजूंची असत. पाटेक फिलिप या ख्यातनाम कंपनीच्या 1463 क्रमांकाच्या क्रोनोग्राफला आणि मिडो कंपनीच्या काही क्रोनोग्राफना त्याच कारखान्याची अशी पाठ मिळते. दहा बाजू दिसल्या की जाणकाराचे कान टवकारतात, ते यामुळे.

दुसरी गोष्ट, चित्र. ओमेगा कंपनीच्या स्पीडमास्टर या क्रोनोग्राफच्या पाठीवर 1960 च्या दशकात समुद्रघोड्याची आकृती येऊ लागली. जुलै 1969 मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा हे घड्याळ बरोबर होते. त्यानंतर 'चंद्रावर घातलेले पहिले घड्याळ' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर पाठीवर कोरण्यात येऊ लागला. एखादा विक्रेता हे घड्याळ 1965 सालचे आहे असे सांगत असेल आणि पाठीवर चंद्राचा उल्लेख असेल, तर पाठ किंवा साल, दोहोंपैकी एक खोटे आहे, हे शाळकरी मुलासही उमगेल.

तिसरी गोष्ट, आकडे. आपल्याकडे एके काळी फार दिसणाऱ्या जपानी सेको घड्याळांच्या पाठीवर दोन आकडे असतात. एक नमुन्याचा, दुसरा अनुक्रमांक. अनुक्रमांकाचा पहिला अंक सालाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरे चिन्ह महिन्याचे. जानेवारी ते सप्टेंबरसाठी एक ते नऊ, ऑक्टोबरला इंग्रजी ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. दशक मात्र त्यावरून कळत नाही; ते नमुन्यावरून ठरवावे लागते. 6139 या क्रमांकाचा स्वयंचलित क्रोनोग्राफ 1969 मध्ये निघाला व 1970 च्या दशकात चालला. त्याच्या अनुक्रमांकाचा आरंभ '4N' असा असेल, तर ते नोव्हेंबर 1974 चे घड्याळ समजावे. आरंभी 9 असेल तर 1969 की 1979 असा प्रश्न पडतो. तेव्हा पाठीवरचे शब्द पाहावेत. जुन्या पाठींवर 'वॉटरप्रूफ' असे असे. सुमारे 1970 नंतर त्याऐवजी 'वॉटर रेझिस्ट' हे अधिक प्रामाणिक शब्द आले.

चौथी गोष्ट, शब्द. आणि येथे भोळ्या माणसांची सर्वांत जास्त फसगत होते. पाठीवर किंवा तबकडीवर 'इन्कॅब्लॉक' असे लिहिलेले असले, तर ते कंपनीचे नाव नव्हे. धक्क्यापासून यंत्राचे रक्षण करणारी ती एक योजना आहे आणि ती शेकडो निरनिराळ्या घड्याळांत सापडते. '17 रुबी' असे असले तर आत विकण्याजोगी माणके आहेत असे समजू नये. चाकांचे आस टेकावयाचे ते कृत्रिम माणकांचे बारीक खडे होत. आणि फ्रेंच भाषेत 'फाँ आसिये इनॉक्सिदाब्ल' असे असले तर अर्थ एवढाच की, पाठ गंज न चढणाऱ्या पोलादाची आहे. केवळ पाठ! पुढचा पिवळा भाग बहुधा हलक्या धातूवर सोन्याचा मुलामा दिलेला असतो.

नातवाच्या हातातील घड्याळावर नेमके हेच शब्द होते. तो बिचारा खाली मान घालून बसला. आजी म्हणाल्या, "म्हणजे सोने नाही तर!"

सोने असते तर? त्याची साक्ष झाकणाच्या आतल्या बाजूस असते. इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोनार बसतात आणि दुकाने बंद झाली की त्याच ओट्यांसमोर खाद्यपदार्थांचा बाजार भरतो. तेथील सोनार जसा छाप पाहतो, तसाच स्विस छाप घड्याळातही पाहावा. 18 कॅरेट सोन्यावर 1880 च्या दशकापासून हेल्व्हेशिया या स्त्रीचे मस्तक उमटविलेले असे, 14 कॅरेटवर खार. 1995 पासून सर्व मौल्यवान धातूंसाठी संत बर्नार्ड जातीच्या कुत्र्याचे मस्तक वापरतात. आल्प्स पर्वताच्या खिंडीत संत बर्नार्ड यांनी अकराव्या शतकात धर्मशाळा उभारली. तेथील संन्यासी बर्फात हरवलेल्या वाटसरूंना शोधण्यास या कुत्र्यांची मदत घेत. वाट चुकलेल्यांना वाचविणारा तो मुका प्राणी आज सोन्याच्या खरेपणाची ग्वाही देतो, हे आम्हांस फार आवडले.

त्याहूनही नवलाची खूण जिनीव्हाची. तेथील पेटीकारांच्या छापात एक किल्ली असते व तिच्यात कारागिराचा क्रमांक. जिनीव्हा शहराच्या राजचिन्हात अर्धा गरुड आणि एक किल्ली आहे. ती किल्ली संत पेत्राची, कारण तेथील महामंदिर त्याच्या नावाचे. सोळाव्या शतकात ते शहर कॅथलिक ख्रिस्तसभेपासून दूर गेले. कॅल्विनच्या अमलात दागदागिन्यांवर बंधने आली, तेव्हा तेथील सोनार घड्याळांकडे वळले असे सांगतात. सर्व काही बदलले, पण किल्ली राहिली. आमच्या धर्मगुरूंनी शिकविलेल्या संत पेत्राच्या किल्ल्या अशा अनपेक्षित जागी भेटतील असे आम्हांस वाटले नव्हते.

असो. दुसऱ्या दिवशी मिस्सा झाल्यावर नातू आम्हांस एका वृद्ध घड्याळजीच्या घरी घेऊन गेला. त्यांनी डोळ्यास भिंग लावले, झाकण अलगद उघडले आणि आतील बाजू आम्हांस दाखविली. तेथे सुईने कोरल्यासारखे बारीक आकडे होते. घड्याळ दुरुस्त करणारा प्रत्येक जण आपली खूण व तारीख अशी कोरून ठेवतो. ती त्याची वही. मग त्यांनी झाकण उलटे करून खिडकीतील उजेडात तिरपे धरले. ज्या रेघा आम्ही ओरखडे समजलो होतो, त्यांतून हळूहळू अक्षरे दिसू लागली. एक नाव, 'विद्यार्थ्यांकडून' हा शब्द, आणि 1957 हे साल.

नाव आजोबांचे नव्हते.

घरी येऊन आजींना ते वाचून दाखविले. त्या कितीतरी वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते मास्तर. शाळेत कवायत शिकवायचे, मुलांच्या शर्यती लावायचे. शेजारीच राहायचे. बायको आजारी पडली तेव्हा ह्यांच्याकडून पैसे नेले आणि हे घड्याळ ठेवून गेले. पुढे बदली झाली. हे म्हणायचे, मास्तर येतील, त्यांची वस्तू जपून ठेव. मी विसरले ग बाई!"

नातवाने आमच्याकडे पाहिले. व्यापाऱ्याने पाठ घासली असती, तर ते नाव पाच मिनिटांत नाहीसे झाले असते. आणि ते नाव कोणी पुसले, हेही कोणास कळले नसते. त्याने विचारले, "काका, इतकी वर्षे झाली. आता ते आमचेच नाही का?"

हा प्रश्न सोपा नाही, आणि तो विचारल्याबद्दल आम्ही त्यास दोष देत नाही. घरात फीचा कागद समोर होता. मास्तरांनी पैसे परत केले नव्हते, हेही खरे. कायद्याचा कीस आम्ही पाडला नाही. आम्ही एवढेच म्हटले की, सातवी आज्ञा चोरी करू नको असे सांगते आणि आठवी खोटी साक्ष देऊ नको असे. मुलाम्याचे घड्याळ सोन्याचे म्हणून, रंगविलेले घड्याळ जुन्या तबकडीचे म्हणून, किंवा दुसऱ्याच्या नावाचे घड्याळ नाव घासून आपले म्हणून विकणे, यांत दोन्ही आज्ञा एकदम मोडतात. बाकी निर्णय आजींनी करावा. आजी म्हणाल्या, "मास्तरांच्या मुलाला आधी शोधा."

तेव्हा वाचकहो, आपल्या ट्रंकेतील घड्याळ बाहेर काढाल तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवा. झाकण घरी सुरीने उघडू नका, यंत्र बिघडते. पाठ घासू नका, ॲसिडने धुऊ नका. जुने ओरखडे हेच त्याचे वय सांगतात. पाठीवर पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल हलकेच फिरवा, किंवा तिरप्या उजेडात फोटो काढा. बुजलेली अक्षरे उमटतात. एकेक अक्षर व आकडा जसाच्या तसा उतरवून घ्या. झाकणावरचे साल, यंत्राचे वय आणि तबकडीवरचे नाव एकमेकांशी जुळते का, ते एकाहून अधिक जाणत्यांकडून पाहून घ्या. आपले घड्याळ क्रोनोग्राफ नसून साधे एच. एम. टी. निघाले, तरी खट्टू होऊ नका. 1961 पासून त्या घड्याळांनी आपल्या किती बापजाद्यांना मिस्साच्या वेळी वेळेवर पोहोचविले!

शेवटी एक विचार. घड्याळाचा चेहरा जगाला दिसतो; पाठ मात्र मनगटाला चिकटून असते, घाम सोसते आणि खरे तेवढे जपून ठेवते. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या आत्म्यावर जो शिक्का उमटतो, तो कधीही पुसला जात नाही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. आपण कोणाचे आहोत हे त्यावर लिहिलेले असते. वर कितीही रंग चढवा, उघडून पाहणारा तेच वाचणार.

मास्तरांचा मुलगा देवासला सापडला. पुढे त्या दोन घरांत काय बोलणे झाले, ते त्यांचे त्यांच्यापाशी. आम्हांस एवढे कळले की, मुलीची फी वेळेवर भरली गेली, आणि त्या घड्याळाच्या पाठीवरील नाव अजून तसेच आहे.