दोनशे रुपयांचा मुद्रांक आणि बहिणीची सही

धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

भिवंडी तालुक्यात जमिनीचा सौदा ठरला, की पहिला फोन लग्न होऊन गेलेल्या बहिणींना जातो. ख्यालीखुशाली विचारून होते आणि मग मूळ विषय निघतो. अमुक दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत यावे लागेल, आधार कार्ड आणि फोटो सोबत असू द्यावेत. दुपारपर्यंत सही आणि अंगठा होतो, मग भावाच्या घरी जेवण होते, निघताना साडी दिली जाते. या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात.

मृत्युपत्र, वारसानियोजन, करनियोजन हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे मलबार हिलवरची घराणी येतात. चार गुंठे भातजमीन, एक गाळा आणि बँकेत थोडी ठेव असणाऱ्याला त्याचे काय, असे आपण समजतो. मला हे पटत नाही. आपल्याकडचे प्रत्येक कुटुंब वारसानियोजन करतेच. ते वडिलांच्या हयातीत, वडिलांच्या हस्ताक्षरात होत नाही, इतकेच. त्यांच्या पश्चात ते बहिणीच्या सहीने होते, आणि त्याला ‘आपली पद्धत’ असे नाव दिले जाते. पद्धतीचा दाखला दिला गेला, की ती तपासणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम ठरते.

म्हणून थोडे मागे जाऊ.

हिंदू वारसाहक्काची चर्चा निघाली की ‘मिताक्षरा’ हे नाव येते. विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत लिहिलेली ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका. परंतु ठाणे, भिवंडी, वसई हा मुलूख उत्तर कोकणात मोडतो, आणि इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण या टापूत मिताक्षरेहूनही एका दुसऱ्या ग्रंथाला अधिक मान दिला. तो म्हणजे नीलकंठभट्टाचा ‘व्यवहारमयूख’. नीलकंठ सतराव्या शतकातला. त्याचे घराणे मूळचे पैठणचे, काशीत स्थायिक झालेले. १८२७ मध्ये बोराडेल या इंग्रज अधिकाऱ्याने या ग्रंथाचे भाषांतर केले, आणि पुढे १९२६ मध्ये म. म. पां. वा. काणे यांनी त्याची साक्षेपी आवृत्ती काढली.

नीलकंठ बहिणीबद्दल काय म्हणतो? भाऊ निपुत्रिक वारला आणि जवळचे वारस नसले, तर त्याच्या आजीनंतर लगेच सख्ख्या बहिणीचा क्रम येतो, सावत्र भावाच्याही आधी. त्याचा युक्तिवाद साधा आहे: बहीण भावाच्याच गोत्रात जन्मली, म्हणून ती गोत्रज. लग्नानंतर ती दुसऱ्या गोत्रात जाते हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. त्याने जन्माला महत्त्व दिले. १८६० च्या दशकात मुंबईचा असा एक वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि तिथेही बहिणीचे वारसपण मान्य झाले. मुंबई इलाख्यात मुलीला वडिलांकडून वारशाने आलेली मिळकत पूर्ण मालकीने मिळे. इतर बहुतेक प्रांतांत तिला केवळ हयातीपुरता उपभोग होता.

याचा अर्थ त्या काळी बहिणी सुखात होत्या असा कोणी काढू नये. मुलगा असेल तर मुलीला काही नाही, आणि एकत्र कुटुंबात तर हिस्सा हयात पुरुषांकडेच सरके. माझे म्हणणे मर्यादित आहे. ‘बहिणीचा हिस्सा हे दिल्लीहून आलेले नवे खूळ आहे, आपल्या शास्त्रात ते नव्हते’ असे जे पारावर छातीठोकपणे सांगितले जाते, ते निदान या मुलखापुरते तरी खरे नाही.

उलट, स्त्रियांना मागे सारण्याचे एक ठळक काम आधुनिक विधिमंडळाने केले आहे. मुंबई सरकारने १८७४ च्या वतन कायद्यात १८८६ साली दुरुस्ती केली आणि वतनी जमिनीच्या वारसाक्रमात, शेवटच्या वतनदाराची विधवा वगळता, घराण्यातील प्रत्येक स्त्रीला प्रत्येक पुरुषाच्या मागे नेऊन ठेवले. गावगाड्याचे काम पुरुष करतो, म्हणून जमीनही त्याच्याकडे राहावी, असा त्यामागचा हिशेब. आज जिला परंपरा म्हणतात तिचा काही भाग असा सरकारी छापखान्यातून निघालेला आहे.

पुढचा प्रवास अनेकांना माहीत असेल. १९३७ मध्ये मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांनी आणलेल्या कायद्याने विधवेला हिस्सा मिळाला. मूळ विधेयकात मुलगीही होती, ती वाटेत गळली. हिंदू कोड बिल रखडले आणि १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी राजीनामा दिला. १९५६ च्या कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वतःच्या हिश्शात वाटा दिला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला जन्मसिद्ध सहदायाद केले, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राने ती अट काढली, आणि वडील तेव्हा हयात होते की नव्हते हा उरलेला वाद सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मिटवला.

कायदा असा पायरीपायरीने वर चढत असताना सातबारा मात्र आपल्या जागी राहिला. जुने उतारे उघडून पाहा. थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बहिणींची नावे लागलीच, तर कब्जेदाराच्या रकान्यात न लागता ‘इतर अधिकारां’त, विहीर आणि बोजा यांच्या शेजारी. (मला हे उतारे वाचण्याची खोड लागली आहे, प्रबंधाचे काम त्यामुळेच मागे पडते.)

हे केवळ हिंदूंपुरते नाही, आणि भिवंडीत बसून तसे लिहिणे हास्यास्पद ठरेल. इस्लामी कायद्यात मुलीचा हिस्सा कुराणानेच ठरवलेला आहे, मुलाच्या निम्मा. मृत्युपत्रानेही एक तृतीयांशाहून अधिक मिळकत वळवता येत नाही. तरीही १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळली गेली, आणि घर व माग यांच्या बाबतीत काय होते ते माझ्या एका मोमीन मित्राने एका वाक्यात सांगितले: “आमच्या फुफीनेही सही केली, फक्त जेवण बिर्याणीचे होते.”

आता पैशाकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे.

१९५३ ते १९८५ या काळात आपल्याकडे मृत्यूनंतरच्या मिळकतीवर कर होता, इस्टेट ड्यूटी. सर्वांत वरच्या टप्प्याचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता, वसुली मात्र फुटकळ. १९८५ मध्ये तो रद्द झाला. तेव्हापासून वारसाने मिळाले म्हणून कोणालाही कर भरावा लागत नाही. म्हणजे सामान्य घराला मृत्यूच्या वेळी वाचवण्यासारखा करच नाही. कर येतो तो विक्रीच्या वेळी.

आणि इथे भिवंडीचा भूगोल आडवा येतो. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही, पण शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतरातील जमीन ‘ग्रामीण’ धरली जात नाही. एक ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरासाठी हे अंतर सहा किलोमीटर, त्याहून मोठ्यासाठी आठ. २०११ च्या जनगणनेत भिवंडी सात लाखांची होती. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दहा लाखांच्या पुढची. काल्हेर, कशेळीसारख्या खाडीकाठच्या गावांना ही वर्तुळे कोठून कोठून वेढतात ते नकाशावर पाहावे. सातबाऱ्यावर भात पिकते, आयकराच्या लेखी मात्र ती शहरी मिळकत असते.

अशी जमीन तीन भावंडांच्या नावे असताना विकली, तर नफा तिघांत विभागला जातो. प्रत्येकाला घरखरेदीची वा पन्नास लाखांपर्यंतच्या रोख्यांची सवलत स्वतंत्र मिळते, आणि उत्पन्न पन्नास लाखांपुढे गेल्यावर लागणारा अधिभारही टळू शकतो. बहिणींची सही आधीच घेऊन भाऊ एकटा विकतो, तेव्हा सारा नफा आणि सारा कर त्याच्या एकट्याच्या माथी येतो. बहिणीला हिस्सा न देण्याची किंमत भाऊ सरकारला देतो आणि त्याला व्यवहारचातुर्य म्हणतो. मी वकील वा सीए नाही, चुकत असेन तर दुरुस्त करा. पण हा हिशेब मी तिघांकडून तपासून घेतला आहे.

मग ही सही इतकी सोपी का? वडिलोपार्जित मिळकतीचा हक्क भावंडाच्या नावे सोडण्यासाठी मुद्रांक कालपरवापर्यंत २०० रुपयांचा होता. २०२४ मध्ये शंभर-दोनशेचे मुद्रांक पाचशेवर गेले, तेव्हा तो ५०० झाला. पण त्याच भावाला नंतर उपरती झाली आणि त्याने तीच जमीन बहिणीला बक्षीसपत्राने परत द्यायची ठरवली तर? पत्नी, मुले, नातवंडे यांच्यासाठी असलेल्या नाममात्र मुद्रांकाच्या यादीत बहीण नाही. तिला देताना बाजारमूल्याच्या तीन टक्के, आणि वर स्थानिक अधिभार. कोटीच्या जमिनीवर तीन लाख. जाताना दोनशे, येताना तीन लाख. कायद्याने कोणताही हेतू बोलून न दाखवता आपला कल किती स्वच्छ सांगितला आहे!

या साऱ्यावर एकच स्वस्त तोड आहे, आणि ती वडिलांच्या हातात असते. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साधा कागद चालतो, नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदार पुरतात (ते लाभार्थी नसलेले बरे). मुंबई शहरातल्या मृत्युपत्रांना प्रोबेटची जी सक्ती वसाहतकाळापासून होती, ती भिवंडीला कधी नव्हती. बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे झाले, हा समज मात्र सोडावा. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, तेवढ्याने मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८३ मध्ये आणि शेअर्सबाबत २०२३ मध्ये हे स्पष्ट केले आहे.

वडील मृत्युपत्र करत नाहीत, कारण त्यांना मुलांमध्ये भांडण नको असते. भांडण टळत नाही. ते मुलीच्या वाट्याला येते, आणि तिथे ‘हिस्सा की माहेर’ असे रूप घेते. हा प्रश्न तिला विचारण्याची वेळ आणणे हेच मला अन्यायाचे वाटते.

मी हे बाहेरून लिहीत नाही. माझ्या आत्याचे लग्न १९९१ चे, म्हणजे १९९४ च्या कायद्याने तिला वगळले. आजोबा २००४ मध्ये गेले, सही २००७ मध्ये झाली. मी सात वर्षांचा होतो आणि मला फक्त त्या दिवशीची पुरणपोळी आठवते. त्या जमिनीवर आज दोन गाळे आहेत. त्यांच्या भाड्यातून माझी एम. ए. ची फी भरली गेली.

गेल्या दिवाळीत बाबांना मी तीन टक्क्यांचा हिशेब दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वहीच्या पानावर मृत्युपत्राचा मसुदा लिहिला. मिळकत वडिलोपार्जित, म्हणून त्यांना फक्त स्वतःच्या हिश्शापुरते लिहिता येते. माझा आणि माझ्या धाकट्या बहिणीचा वाटा वेगळा. त्यांच्या हिश्शातून एक गाळा आत्याच्या नावे आहे. एक साक्षीदार मिळाला आहे. दुसरे म्हणून काकांना विचारले, तर ते म्हणाले, आधी पोरीचे लग्न होऊ दे, तिची सही झाली की बघू.

आपल्या घरातल्या हक्कसोडपत्राची प्रत सापडली, तर तिच्यावरचे वर्ष आणि मुद्रांकाची रक्कम खाली लिहा. नावे नकोत. मी यादी करतो आहे.